नववीत 'सी' आला म्हणजे कॉलेज गेलं?

गेल्या महिन्यात बहिणीचा फोन आला तो थेट मुद्द्यावरच. "हिला जरा तू समजाव. माझं ऐकतच नाहीये." मग पलीकडून भाची: "मावशी, आता कशाला अभ्यास करू? तसंही काही होणार नाहीये."

चौदा वर्षांची पोरगी. कॅलिफोर्नियात हायस्कूलच्या पहिल्याच वर्षाला, म्हणजे नववीत. पहिल्या सेमिस्टरचा निकाल असा: इंग्लिश आणि आर्टला ए, स्पॅनिशला बी, हिस्टरी आणि बायोला सी, ॲलजेब्रा वनला डी. (इथे ए सगळ्यात वरचा ग्रेड, एफ म्हणजे नापास.) शाळा नवी, मैत्रिणी दुसऱ्या शाळेत गेलेल्या, त्यात सप्टेंबरात दोन आठवडे आजारपण. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे इथल्या मराठी पालकांमध्ये फिरणारा एक मेसेज, जो बहिणीनेच तिला वाचून दाखवला होता. हेतू चांगलाच होता म्हणा.

हा मेसेज मलाही तीनदा आलाय. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, सार तेच. नववीचे ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावर, कायमचे राहतात, एक सी आला की चांगलं कॉलेज विसरा. नववीत ऑनर्स (जरा अवघड पातळीचे कोर्स) नाही तर पुढे एपी (कॉलेजच्या पातळीचे कोर्स) नाही. एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) आणि पाच-सहा ॲक्टिव्हिटी नववीतच सुरू करा. नववी हेच निर्णायक वर्ष, हे संशोधनाने सिद्ध झालंय. आणि टॉप कॉलेज हुकलं की मूल आयुष्यभर मागे. शेवटी हात जोडलेले दोन इमोजी आणि 'प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा'.

निव्वळ थाप असती तर सोडून दिलं असतं. पण यात खऱ्याला खोटं असं चिकटवलंय की वाचणाऱ्याच्या हातात फक्त भीती उरते. तेव्हा एकेक मुद्दा घेते.

ग्रेड कायमचे राहतात, हे खरं. ट्रान्सक्रिप्टवरून ते पुसले जात नाहीत. पण राहणं वेगळं आणि मोजलं जाणं वेगळं. भाचीच्याच राज्यातलं पाहा. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो वगैरे सगळे कॅम्पस, प्रवेशासाठी जो जीपीए (ग्रेडची सरासरी) काढतात त्यात नववी संपल्यानंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचे कोर्स धरतात. नववीचे ग्रेड त्या आकड्यात नसतातच. कॅल स्टेट, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या सरकारी विद्यापीठाचंही तसंच. नववीतले कोर्स सी किंवा त्याहून वरच्या ग्रेडने पास मात्र व्हावे लागतात. म्हणजे भाचीचे दोन सी तिथे हिशोबातच नाहीत. उरला तो ॲलजेब्राचा डी. गणितात पुढच्या पायरीवर सी किंवा वरचा ग्रेड मिळाला की मागचा डी भरून निघतो, असा नियम आहे. दुसरं सेमिस्टर नीट गेलं तरी पहिल्याचं भागतं. हे तिला सांगितलं तेव्हा फोनवर बराच वेळ शांतता होती. मग म्हणाली, "हे कोणी सांगितलं का नाही?" खरंच, का नाही सांगितलं?

बरं, सगळी राज्यं कॅलिफोर्निया नाहीत. बरीच कॉलेजं चारही वर्षांचं ट्रान्सक्रिप्ट बघतात आणि एकूण जीपीए धरतात. टेक्सासमध्ये तर १९९७ पासून कायदाच आहे, वर्गातल्या वरच्या १० टक्क्यांना सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश. ऑस्टिनच्या विद्यापीठात गर्दी एवढी की तिथे हा आकडा ६ टक्क्यांवर आला आणि २०२६ च्या प्रवेशापासून ५ वर. शाळेच्या रँकमध्ये साधारणपणे नववीही धरतात, त्यामुळे तिथल्या मुलांना नववी जरा जास्त बोचते. हे लपवण्यात अर्थ नाही. तरी ऑस्टिनमध्येही आपोआप मिळणाऱ्या जागांखेरीज काही जागा असतात, आणि त्यांच्यासाठी पूर्ण अर्ज वाचला जातो.

आता जिथे नववी मोजतात तिथलं गणित करू. मेसेजवाल्याने ते केलेलं नाही म्हणून आम्ही दोघींनी कागदावर केलं. ए ला ४, बी ला ३, सी ला २, डी ला १. तिच्या सहा विषयांची बेरीज १६, भागिले ६, म्हणजे २.६७. बारावीच्या सुरुवातीला अर्ज भरायचा तोवर सहा सेमिस्टर झालेली असतात, म्हणजे छत्तीस ग्रेड. उरलेल्या पाच सेमिस्टरांत दर वेळी चार ए आणि दोन बी मिळाले असं धरू. दर सेमिस्टरला २२, पाचांचे ११०. त्यात हे १६ मिळवले की १२६. भागिले ३६, बरोबर ३.५. दर वेळी चार ए काही सोपे नाहीत, ते मीही तिला सांगितलं. पण 'संपलं' म्हणून जो आकडा ती उराशी धरून बसली होती तो छत्तीसातल्या सहांचा होता. शिवाय अर्ज वाचणारा माणूस नुसती सरासरी बघत नाही, ग्रेड कुठून कुठे गेले तेही बघतो. आजारपणासारखं काही कारण असेल तर ते लिहायला कॉमन ॲपमध्ये (बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) वेगळी जागा असते, आणि शाळेतला काउन्सेलरही आपल्या पत्रात ते लिहू शकतो.

ऑनर्स आणि एपीचा मुद्दा. तो गणितापुरता अर्धा खरा आहे. नववीत ॲलजेब्रा वन, मग जिऑमेट्री, मग ॲलजेब्रा टू, मग प्रीकॅल्क्युलस, या रांगेने गेलं तर बारावीत कॅल्क्युलसपर्यंत पोहोचता येत नाही. इंजिनीअरिंगला जायचं असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं. पण रांग मोडता येते. कुठे जिऑमेट्री आणि ॲलजेब्रा टू एकाच वर्षी घेऊ देतात, कुठे एक विषय उन्हाळ्यात, कुठे जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज). बाकीच्या विषयांत नववीत ऑनर्स नव्हतं म्हणून अकरावीतली एपी हिस्टरी किंवा एपी इंग्लिश बंदच, असं सरसकट मुळीच नाही. प्रत्येक शाळेचे आपापले नियम, आणि ते काउन्सेलरला पाच मिनिटांत विचारता येतात. काउन्सेलर ट्रान्सक्रिप्टसोबत शाळेची माहितीही पाठवतो, त्यामुळे या शाळेत कोणते कोर्स होते आणि त्यातले या मुलीने कोणते घेतले, अशी तुलना होते. शेजारच्या शाळेतल्या मुलाशी नव्हे.

एसएटी? युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आणि कॅल स्टेट प्रवेशासाठी ती बघतच नाहीत. काही मोठ्या विद्यापीठांनी ती पुन्हा सक्तीची केलीय, एमआयटीने २०२२ मध्ये, मग आणखी काहींनी. बहुतेक मुलं ती अकरावीत देतात. तिच्यात जे गणित येतं ते शाळेत शिकवून व्हायच्या आधी नववीत क्लास लावणं म्हणजे बाजारात तुरी.

ॲक्टिव्हिटींचं तर बोलूच नये. कॉमन ॲपवर दहा रकाने असतात, आणि ते सगळे भरलेच पाहिजेत असं कुठेही लिहिलेलं नाही. भाचीला मातीची भांडी करायला आवडतात. आठवड्यातून एकदा ती चाकावर बसते आणि दीड तास फोनला हात लावत नाही. ते चालू ठेव म्हटलं, बस.

आता तो संशोधनाचा मुद्दा. इथे थोडं थांबायला हवं, कारण संशोधन खरंच आहे. शिकागो विद्यापीठातल्या एका गटाने तिथल्या सरकारी शाळांतल्या नववीच्या मुलांचा अभ्यास केला आणि २००५ मध्ये मांडला. जे विद्यार्थी वर्षअखेर 'रुळावर' होते, ते चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता रुळावरून घसरलेल्यांपेक्षा साडेतीन पटींहून जास्त होती. आकडा मोठा आहे, आणि मेसेजमधलं 'निर्णायक वर्ष' बहुधा इथूनच आलेलं असावं. पण 'रुळावर' म्हणजे काय? वर्षाला किमान पाच क्रेडिट (वर्षभराचा एक विषय पास झाला की एक) मिळवणं, आणि मुख्य विषयांत एका सेमिस्टरपेक्षा जास्त एफ नसणं. इतकंच! त्यात ए नाही, ऑनर्स नाही, रँक नाही. प्रश्न हायस्कूल पूर्ण होण्याचा होता, हार्वर्डचा नव्हता. नापास होऊ नका, शाळा बुडवू नका, घसरलेल्या मुलाला लवकर हात द्या, असं सांगणारा हा अभ्यास. मेसेजवाल्याने त्याचा अर्थ लावला, सी आला की खेळ खल्लास. औषधाच्या बाटलीवर विषाचं लेबल लावावं तसं झालं हे.

आणि याचा उलटा परिणाम मी स्वतः पाहिला. आता काही उपयोग नाही असं ठरवल्यावर भाचीने दुसऱ्या सेमिस्टरला गृहपाठ देणंच सोडलं होतं. मी तिला शाळेचं पोर्टल उघडायला लावलं. बायोचे पाच गृहपाठ: ८०, ७६, शून्य, ८४, शून्य. बेरीज २४०, सरासरी ४८. तिने तो ४८ पाहून ठरवलं होतं की आपल्याला बायो जमत नाही. अगं, जे केलंस त्यात ऐंशी आहेत तुला! दोन शून्यं म्हणजे न येणं नव्हे, न देणं. ते दोन उशिरा दिले आणि निम्मेच, म्हणजे चाळीस-चाळीस मिळाले असं धरलं तरी बेरीज ३२० आणि सरासरी ६४. एफ जाऊन डी, तोही एका संध्याकाळच्या कामात. शिक्षिका उशिरा घेतात का? तिला ठाऊक नव्हतं. विचारलंच नव्हतं.

माझा राग आहे तो इथे. त्या मेसेजने चौदा वर्षांच्या मुलीला तीन वर्षांनंतरच्या दरवाज्याकडे बघायला लावलं आणि समोरची दोन शून्यं तिला दिसेनाशी झाली.

राहिलं टॉप कॉलेज. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेने २०१७ च्या प्रवेशांचे आकडे तपासले होते. चार वर्षांची १,३६४ कॉलेजं. त्यांतल्या निम्म्याहून जास्त कॉलेजांनी अर्ज केलेल्यांपैकी दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक मुलांना प्रवेश दिला होता. दहा टक्क्यांपेक्षा कमी मुलांना घेणारी कॉलेजं होती सतरा. आपल्या लोकांच्या गप्पांत मात्र ती सतराच असतात, बाकीची तेराशे कुठे जातात कोण जाणे.

त्या सतरांत गेल्याने आयुष्य बदलतं का? डेल आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये मांडलेलं काम यावर नेहमी सांगितलं जातं. नामांकित कॉलेजात प्रवेश मिळूनही कमी नामांकित ठिकाणी गेलेल्या मुलांची पुढची कमाई बहुतेकांच्या बाबतीत सारखीच निघाली. गरीब घरच्या मुलांना मात्र फायदा दिसला. २०२३ मध्ये अर्थतज्ज्ञ चेट्टी आणि सहकाऱ्यांनी आयव्ही लीगसह (हार्वर्ड, येलसारखी जुनी खासगी विद्यापीठं) बारा विद्यापीठांचा अभ्यास केला. सरासरी कमाईत राज्याच्या मुख्य सरकारी विद्यापीठापेक्षा फारसा फरक नाही, पण सगळ्यात वरच्या एक टक्का श्रीमंतांत पोहोचण्याची शक्यता बरीच वाढते, असं त्यात दिसलं. तेव्हा काहीच फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही. वॉल स्ट्रीटवर जायचंच असेल तर पडतो. पण 'आयुष्यभर मागे' हे शब्द कुठल्या आकड्यांतून काढले, ते मेसेजवाल्याने एकदा दाखवावं.

आणि मागचा दरवाजाही आहे. खरं तर मागचा कसला, राजरस्ताच. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. तिथे दोन वर्षं ठरलेले कोर्स ठरलेल्या ग्रेडने केले तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा कॅम्पसवर हमखास प्रवेशाची योजना आहे. डेव्हिस, अर्व्हाइन, सँटा बार्बरा त्यांत येतात. बर्कली आणि लॉस एंजेलिस नाहीत, पण तिथेही ट्रान्सफरने मुलं जातात. या वाटेने आलेल्या मुलाचे नववीतले ग्रेड कोणी मोजत नाही. आपल्या घरांत 'कम्युनिटी कॉलेज' हे शब्द आवाज खाली करून का उच्चारतात, मला कळलेलं नाही.

बहिणीला मी एकच काम दिलं. मेसेज फॉरवर्ड करण्याआधी आवडत्या कॉलेजचा 'कॉमन डेटा सेट' शोध. बहुतेक कॉलेजं दर वर्षी तो आपल्या वेबसाइटवर टाकतात. त्यात सी-७ नावाचा तक्ता असतो. ग्रेड, कोर्स किती अवघड, निबंध, एसएटीसारखी टेस्ट, ॲक्टिव्हिटी, यांतल्या कशाला आम्ही किती महत्त्व देतो, हे कॉलेजने स्वतः तिथे खुणा करून सांगितलेलं असतं. तिने तीन कॉलेजांचे पाहिले. रात्री अकराला फोन, "अगं, यात टेस्टपुढे 'विचारात घेत नाही' अशी खूण आहे, आणि मी क्लासची चौकशी करून बसलेय!"

भाचीने बायोच्या बाईंना ईमेल केला. चार ओळींचा, दोनदा खोडून लिहिलेला. उशिराचे गृहपाठ त्या घेतात, महिनाअखेरपर्यंत, निम्म्या मार्कांवर. दोन्ही दिले. ॲलजेब्राची टेस्ट येत्या गुरुवारी आहे. अपूर्णांकांची समीकरणं अजून गोंधळवतात तिला, म्हणून रविवारी सकाळी आम्ही दोघी व्हिडिओ कॉलवर बसणार आहोत.