किरायदारीचा कायदा महापालिका चालवत नाही

नागपुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. सारांश असा: घरभाड्याचं नियंत्रण महापालिका बघते, त्याचा खर्च आपल्या मालमत्ता करातून निघतो, म्हणून घरमालकानं घर खाली करायला सांगितलं की झोन ऑफिसात अर्ज टाका. इमारत धोकादायक ठरवून पाडली की किरायदारी संपते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही. आणि बारा वर्षं राहिलेला किरायदार मालक होतो. चारही गोष्टी चुकीच्या आहेत. पहिलीनं नुकसान सगळ्यात जास्त होतं, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा राज्याचा कायदा, 31 मार्च 2000 पासून लागू. त्याआधी विदर्भात मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काळातला 1949 चा आदेश चालायचा. तेव्हा मालकाला नोटीस देण्याआधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागे. इतवारी-महालातल्या जुन्या मंडळींना ‘भाड्याचं ऑफिस’ आठवतं ते हे. पण तो कंट्रोलरही महसूल खात्याचा अधिकारी असे, महापालिकेचा नव्हे. नव्या कायद्यानं ती पायरीच काढली. आता मालक थेट लघुवाद न्यायालयात दावा लावतो, अपील जिल्हा न्यायालयात. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरात भाडे मंडळ असतं आणि घरामागे शुल्क घेऊन त्याचा खर्च भागवतात. आपल्याकडे ना तसं मंडळ, ना तसं शुल्क. मालमत्ता कराचा यात एक पैसा नाही. वकिलाची फी ज्याची त्यानं भरायची.

झोन ऑफिसात अर्ज टाकून पोच घेतली की माणूस निर्धास्त होतो, आणि तिथंच घात होतो. भाडं थकलं म्हणून मालकानं लेखी मागणीची नोटीस दिली, तर 90 दिवस उलटेपर्यंत त्याला त्या कारणावरून दावा लावता येत नाही. दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकबाकी 15 टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरायची, पुढचं भाडं नियमित भरत राहायचं आणि दाव्याचा खर्च द्यायचा; मग थकबाकीच्या कारणावरून घर जात नाही. हे सगळं न्यायमंदिरात घडतं. झोनचा शिक्का मारलेला अर्ज तिथं कुणी विचारत नाही. मालकानं पाणी किंवा वीज तोडली तरी कलम 29 खाली दाद कोर्टातच मागायची. मालक भाडं घेतो पण पावती देत नाही, हा तर नेहमीचा प्रकार. पावती देणं कलम 31 नं बंधनकारक आहे, तेव्हा हक्कानं मागा. तरी देत नसेल तर भाडं बँकेतून पाठवा, नोंद राहते.

धोकादायक इमारतीचा मुद्दा थोडा वेगळा, कारण इथं महापालिकेचा संबंध खरंच येतो. गांधीबाग झोनमध्ये एखादा जुना वाडा कललेला दिसला, तर महापालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली नोटीस निघू शकते, माणसं बाहेर काढता येतात, बांधकाम उतरवता येतं. पण तो अधिकार जीव वाचवण्यासाठी आहे, किरायदारी संपवण्यासाठी नाही. इमारत पडली म्हणून किरायदाराचा हक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये शहा रतनशी खिमजी प्रकरणात सांगितलं. तिथंही बांधकाम महापालिकेनंच पाडलेलं होतं. काही घरमालक अशा नोटिशीची वाटच बघत असतात, हे कोण नाकारेल? पण मालकांचीही बाजू आहे. जुन्या किरायदारीत भाडं वर्षाला 4 टक्क्यांनी वाढतं, आणि मूळ रक्कमच इतकी किरकोळ असते की त्यात कवेलू बदलायचे म्हटलं तरी परवडत नाही. मुंबई शहरात जुन्या इमारतींसाठी उपकर आहे, म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे. नागपुरात त्यातलं काही नाही. पैशाचा प्रश्न विचारायचाच, तर हा विचारा.

अकरा महिन्यांची पळवाट 1908 च्या नोंदणी कायद्यातून आली; त्यात वर्षाच्या आतल्या भाडेकराराला नोंदणीची सक्ती नाही. भाडे कायद्याच्या कलम 55 नं ती बंद केली: करार लेखी हवा आणि नोंदणीकृतही, मग तो लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठराविक मुदतीपुरती राहण्याची नुसती परवानगी, का असेना. जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत किरायदार म्हणेल ते खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणीचं शुल्क जातं राज्याच्या तिजोरीत, तेही महापालिकेला नाही. मनीषनगर-बेसाकडच्या फ्लॅटवाल्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं. लीव्ह अँड लायसन्सवाल्याला किरायदाराचं संरक्षण नाही. मुदत संपूनही राहिला तर कलम 24 खाली ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट रक्कम द्यावी लागते.

बारा वर्षांचं काय? परवानगीनं राहणारा माणूस विरोधी कब्जेदार, म्हणजे मालकी नाकारून जागा धरून बसलेला, ठरत नाही. भाडं देतोय म्हणजे मालकी मान्य करतोय, मग बारा काय नि चाळीस काय.

राहता राहिला सरकारी पैसा. किरायदाराच्या बाजूनं तो एकाच ठिकाणी मिळू शकतो: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. इतर बहुतेकांचं उत्पन्न मर्यादेत असावं लागतं. समन्स आलं की अर्ज तिथं करायचा, आणि 90 दिवसांची मोजणी सुरू झालेली असते.