मार्चअखेरचा उपवास

प्रभूमध्ये प्रिय कर्मचारी बंधुभगिनींनो, २०२४ साली ईस्टर बरोबर ३१ मार्चला आला होता, आठवतं? राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीचा, म्हणजे अख्खा उपवासकाळ आणि मार्चअखेरची अख्खी धावपळ एकाच वेळी अंगावर. रिझर्व्ह बँकेनं सरकारी व्यवहार करणाऱ्या बँका त्या रविवारीही चालू ठेवायला सांगितल्या होत्या. इकडे कबर उघडी, तिकडे काउंटर उघडा. अशा दिवसांत विश्वास आणि लेखा शाखेतली खुर्ची, दोन्ही कसं सांभाळावं हे देवळात कोणी शिकवत नाही. पाळकसाहेब दर वर्षी योसेफ आणि त्याचा झगा धरून मोह घालणाऱ्या पोटीफरच्या बायकोवर उपदेश करतात आणि मोकळे होतात. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत कचेरीत कोणीही माझा झगा धरला नाही. धरली ती फाईल. म्हणून चार अनुभवाचे बोल.

सगळ्यात आधी, उपवासात काय सोडायचं ते नीट निवडा. मी चहा सोडतो. साडेअकराला कॅन्टीनचा पोऱ्या आला की हात जोडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, “नको रे, लेंट चालू आहे.” त्याचा परिणाम फार चांगला होतो. चहा सोडलेल्या माणसाच्या चहापाण्याबद्दल कोणी शंका घेत नाही. मटणही सोडा. टक्का मात्र सोडू नका. तो मांसाहारात मोडत नाही.

आता शास्त्राधार. मोह पडला की ख्रिस्ती माणसानं शास्त्र उघडावं, हे आपल्याला रविवार शाळेपासून ठाऊक आहे. सैतानालाही ठाऊक आहे. रानात त्यानं प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेलं तेव्हा स्तोत्र ९१ मधलीच वचनं म्हणून दाखवली, तीही तोंडपाठ. तेव्हा पाठांतर हवंच. दान देताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका, असं मत्तयात आहे; टेबलाखालच्या कामाला याहून चांगलं वचन मिळणार नाही. लूकच्या सोळाव्या अध्यायातला कारभारी तर आपल्याच खात्यातला. नोकरी जायची वेळ आली तेव्हा त्यानं धन्याच्या कुळांना बोलावून शंभर मापं तेलाची पन्नास केली, शंभर मापं गव्हाची ऐंशी केली, आणि धन्यानं वर त्याला शाबासकी दिली. का दिली, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिलंय. तुम्ही तेवढं खोलात जाऊ नका. त्यानं शंभराचे पन्नास केले, आपण कंपाउंडच्या एकशेवीस मीटर भिंतीचे दोनशे करतो. गणित तेच, दिशा उलटी.

काही ठिकाणं मात्र टाळा. बाप्तिस्मा करणारा योहान हा त्यातला मुख्य. जकातदार त्याला विचारायला गेले तर म्हणाला, ठरवून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणाला, पगारात समाधान माना. बरोबर आहे, ज्याचं जेवण टोळ आणि रानमध, आणि कपडे उंटाच्या केसांचे, त्याला घराचा हप्ता काय कळणार? मत्तयही अडचणीचा. मराठी शास्त्रात तो चक्क जकात नाक्यावर बसलेला असतो, आणि प्रभूनं हाक मारल्याबरोबर उठतो. चार्ज कोणाला दिला, शिल्लक मोजली का, काही उल्लेख नाही. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ ला जीएसटीत गेली तेव्हा मला वाटलं, चला, आता तरी हा उतारा कालबाह्य झाला. पाळकसाहेबांना तसं वाटलं नाही. जकातदार जक्कय उंबरावर चढला इथपर्यंत मुलांना जरूर सांगा, अभिनयासहित सांगा. खाली उतरल्यावर तो जे चौपट परत करायचं बोलला, ते घाईघाईत बोललेला आहे.

खरं तर अभ्यास करायचा तर अलीशा संदेष्ट्याच्या चाकराचा, गेहजीचा करा. त्याच्यावर कोणी गाणं लिहीत नाही की मुलाचं नाव गेहजी ठेवत नाही, पण आपल्या धंद्यातला आद्य पुरुष तोच. अरामी सेनापती नामान कोडातून बरा झाला आणि अलीशासमोर नजराणा घेऊन उभा राहिला. अलीशानं शपथेवर नाही म्हटलं. साहेब घेत नाहीत म्हणून स्टाफनंही घ्यायचं नाही, हा कुठला न्याय? गेहजी रथामागे धावला आणि नामानाला म्हणाला, आत्ताच एफ्राइमच्या डोंगरातून दोन तरुण संदेष्टे आलेत, त्यांच्यासाठी एक किक्कार (तेव्हाचं वजन) रुपं आणि दोन पोशाख द्या. बिचाऱ्या नामानानं आग्रह करून दोन किक्कार दिले. परत आल्यावर साहेबांनी विचारलं, कुठे गेला होतास? म्हणे, कुठेच नाही.

इथे त्याचं चुकलं. पाहुण्यांची नावं नाहीत, मुक्कामाचं बिल नाही, प्रवासभत्त्याचा कागद नाही. वर नामानाचे दोन नोकर माल घेऊन जवळजवळ घरापर्यंत आले, म्हणजे साक्षीदार स्वतःच तयार केले. हालचाल नोंदवहीत “स्थळपाहणी” एवढं लिहून गेला असता, तर अलीशालाही सही करावी लागली असती. अंगावर कोड उठलं ते या हलगर्जीपणामुळे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

गेहजीचं कोड हिमासारखं पांढरं होतं. हल्लीचं गुलाबी असतं. सापळ्यातल्या नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावलेली असते, सोड्याच्या पाण्यात बोटं बुडवली की पाण्याला रंग चढतो. पिलातानं हात धुतले तेव्हा पाणी साधं होतं, म्हणून त्याचं निभावलं. तुम्ही पाकिटाला हात लावू नका. ड्रॉवर उघडा ठेवा आणि खिडकीबाहेर बघत मनात एखादं गीत म्हणा.

साक्षीचं काय, असं तरुण मंडळी विचारतात. टेबलावर वचनांचं कॅलेंडर ठेवा, रोज सकाळी सहा वाजता स्टेटसला एक वचन, पुरे. बाकीच्यांना आपला विश्वास म्हणजे नाताळचा केक आणि “तुमच्यात चालते ना?” एवढाच माहीत असतो. ठेकेदार मात्र ओळखून असतात. “तुमच्या लोकांत खोटं नसतं,” असं म्हणून ते सगळ्या शाखेचं पाकीट विश्वासानं माझ्याकडेच देत. ही साक्ष नाही तर काय?

दशांशही चुकवू नका. दहा लाखांच्या बिलावर पाच टक्के म्हणजे पन्नास हजार, त्याचा दशांश पाच हजार. हा कापणीच्या सणाच्या लिलावात द्यावा. मी एका वर्षी पाच हजारांना भोपळा घेतला. अख्ख्या मंडळीनं टाळ्या वाजवल्या, पंचकमिटीत घेतलं. भोपळा आतून किडका निघाला, पण तो विषय वेगळा.

आता शेवटची अडचण. प्रत्येक कचेरीत आपल्याच मंडळीतलं एखादं लेकरू येतं, ज्यानं होय तर होय आणि नाही तर नाही हे वाक्य अक्षरशः घेतलेलं असतं. आमच्याकडे कनिष्ठ अभियंता म्हणून एक मुलगी आली. त्या भिंतीच्या मापांवर मागची तारीख टाकून सही कर म्हटलं तर टेप घेऊन साइटवर गेली. साहेबांनी समजावलं, मी वडीलकीनं समजावलं, निधी परत जाईल म्हणून घाबरवलं. अशांना प्रॅक्टिकल नाही म्हणावं आणि जूनमध्ये दूरची बदली सुचवावी. मी दोन्ही केलं. तिच्याशी शास्त्रावर वाद घालावा म्हटलं तर तोही घालत नव्हती. नुसती मोजत होती.

३१ तारखेला ती पहाटेची उपासना करून, पांढऱ्या साडीतच, थेट कचेरीत आली. मोजमाप पुस्तिकेत लिहिलं, “प्रत्यक्ष काम १२० मीटर,” खाली सही आणि त्याच दिवसाची तारीख. ऐंशी मीटरचे पैसे त्या रात्री शासनाकडे परत गेले. ठेकेदार दुपारपासून माझ्या उघड्या ड्रॉवरसमोर बसून होता.

ती जाता जाता माझ्या टेबलाशी थांबली. कचेरीत ती मला सर म्हणायची, देवळात काका. पर्समधून रुमालात बांधलेलं, लाल रंगवलेलं उकडलेलं अंडं काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, “प्रभू उठला आहे, काका. तुमचा उपवास सुटला का?”

मी म्हटलं, हो, सकाळीच चहा घेतला.