‘नवीन काही शिकवत नाहीत, शनिवारची बैठक म्हणजे वेळ फुकट’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुम्ही आमच्या गिट-गिटहब (कोडमधले बदल नोंदवणारं साधन आणि तो कोड मिळून लिहायची वेबसाइट) वर्गाला एक तारा दिलात आणि तीन तक्रारी लिहिल्यात. कोपायलट (कोड सुचवणारा एआय मदतनीस), ॲक्शन्स (कोडची तपासणी वगैरे कामं आपोआप करणारी सोय) सोडून आम्ही जुनंच शिकवत बसतो. हॅक्टोबरफेस्टच्या (ऑक्टोबरात खुल्या प्रकल्पांना हातभार लावायच्या उपक्रमाच्या) शनिवारी आमच्या वाय-फायमुळे तुमची पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात घ्या अशी विनंती) पिवळ्या ठिपक्यावर, म्हणजे तपासणी व्हायचीच आहे या खुणेवर, अडकून राहिली. आणि चार पुल रिक्वेस्ट पूर्ण करायला मदत करायची सोडून आम्ही तुमच्या एकुलत्या एका पुल रिक्वेस्टवर ‘बदल हवेत’ असा लाल शेरा मारला. प्रवेश घ्यायचा की नाही या विचारात असलेले लोक हे वाचतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पिवळा ठिपका. त्याचा वाय-फायशी संबंध नव्हता. सार्वजनिक प्रकल्पात तुमची आधी एकही कमिट (नोंदवलेला बदल) मर्ज झालेली, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळलेली नसेल, तर तुमच्या पुल रिक्वेस्टवरचा ॲक्शन्सचा वर्कफ्लो (आपोआप चालणाऱ्या कामांची मालिका) मेंटेनरने (प्रकल्प सांभाळणाऱ्याने) परवानगी दिल्याशिवाय चालत नाही. गिटहबने ही अट एप्रिल 2021 मध्ये आणली. त्याआधी लोक दुसऱ्याचा प्रकल्प फोर्क करून (त्याची स्वतःची प्रत काढून) वर्कफ्लोच्या फाइलमध्ये क्रिप्टो-मायनिंगचा (आभासी चलन कमावण्याचा) कोड घुसवायचे. पुल रिक्वेस्ट उघडली की तो गिटहबच्या सर्व्हरवर आपोआप सुरू व्हायचा, मालकाने मर्ज करायचीही गरज नसायची. तेव्हापासून मेंटेनर आधी बदल वाचतो आणि मग बटण दाबतो. त्या दिवशी आमच्या मेंटेनर ताई तुमच्या आधी आलेल्यांचे बदल वाचत होत्या. त्यांनी न वाचता परवानगी द्यावी असं मी कधीच सांगणार नाही.

नवीन फीचरशी आमचं काही वाकडं नाही. गिटहबने जानेवारी 2019 मध्ये खाजगी रिपॉझिटरी (प्रकल्पाचा कोड ठेवायच्या जागा) मोफत केल्या, तेव्हा एकीत तिघेच सहकारी घेता यायचे. एप्रिल 2020 मध्ये ती मर्यादा गेली आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या टीमना सगळं काम एका ठिकाणी ठेवता आलं. डिसेंबर 2024 पासून कोपायलटही मर्यादित वापरासाठी फुकट आहे. आम्ही ॲक्शन्सही शिकवतो आणि कोपायलटही, फक्त अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात. तुम्ही वर्ग त्याच्या आधीच सोडलात.

हा क्रम मी विचार करून ठरवला आहे. त्याआधीची एक अख्खी संध्याकाळ आम्ही चुकून कमिट झालेल्या पासवर्डवर घालवतो. सार्वजनिक रिपॉझिटरीत 2024 पासून गिटहब ओळखीच्या नमुन्याचे टोकन (पासवर्डसारख्या गुप्त किल्ल्या) पुश होतानाच, म्हणजे गिटहबवर पाठवतानाच अडवतं. पण तुम्ही स्वतः ठरवलेला डेटाबेसचा पासवर्ड कुठल्याच ठरावीक नमुन्यात बसत नाही, तो सहज निघून जातो. मग मुलं घाबरून ती फाइल डिलीट करतात, नवीन कमिट करतात आणि सुटलो म्हणतात. जुन्या कमिटमध्ये पासवर्ड जसाच्या तसा असतो. अशा वेळी आधी पासवर्ड बदलायचा, इतिहास साफ करणं नंतर. हे हाताखालून गेलेल्या माणसाला मी कोपायलट निर्धास्तपणे देते. कोड कोपायलटने लिहिला तरी पुल रिक्वेस्टवर नाव तुमचं असतं, आणि ‘हे असं का केलंत?’ या प्रश्नाला उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं.

आता हॅक्टोबरफेस्ट. डिजिटलओशन कंपनीने 2014 मध्ये तो सुरू केला, आणि पुढे चार पुल रिक्वेस्ट म्हणजे टी-शर्ट हे समीकरण घट्ट झालं. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये त्यातून काय झालं ते मी जवळून पाहिलं आहे. रीडमीमध्ये (प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये) ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ एवढेच शब्द घालून लोकांनी पुल रिक्वेस्टचा पाऊस पाडला. नोकरी सांभाळून रात्री प्रकल्प चालवणाऱ्यांना दिवसेंदिवस त्या बंद करत बसावं लागलं. शेवटी महिन्याच्या पहिल्या काही दिवसांतच नियम बदलावे लागले आणि स्वतःहून सहभाग जाहीर केलेले प्रकल्पच मोजले जाऊ लागले. त्यात आपल्याकडचे विद्यार्थी पुष्कळ होते, याचं मला आजही वाईट वाटतं. 2023 मध्ये तर आयोजकांनी टी-शर्ट सोडून डिजिटल बॅज दिले. आमच्या कार्यक्रमाचा नियम दारावरच लावलेला असतो : आधी इश्यू (प्रकल्पात नोंदवलेली अडचण) वाचा, मेंटेनरशी बोला, मग कोडला हात लावा. अशाने दिवसभरात एकच पुल रिक्वेस्ट झाली तरी माझ्या हिशेबाने दिवस सार्थकी लागला.

तुमची पुल रिक्वेस्ट मी स्वतः वाचली आहे. ग्रंथालयाच्या ॲपमधला उशिराचा दंड मोजणारा भाग तुम्ही नव्याने लिहिलात आणि तो आधीपेक्षा सुटसुटीत आहे, हे मनापासून सांगते. पण ते ग्रंथालय सोमवारी बंद असतं. सोमवारी मुदत संपलेलं पुस्तक वाचकाने मंगळवारी आणून दिलं तर दंड शून्य यायला हवा. तुमच्या कोडमध्ये एका दिवसाचा दंड लागतो. तेवढं सुधारा आणि त्यासाठी एक टेस्ट (ते बरोबर चालतं का हे तपासणारा छोटा कोड) जोडा, असं ताईंनी लिहिलं. गिटहबवर अभिप्राय देताना तीनच पर्याय असतात : नुसती टिप्पणी, मंजुरी किंवा ‘बदल हवेत’. तिसरा निवडला म्हणजे तुमचं काम नाकारलं असं होत नाही. मर्ज करण्याजोगं आहे, फक्त एवढं राहिलंय, असा त्याचा अर्थ. अनुभवी लोकांच्या पुल रिक्वेस्टवरही तो शेरा येतो, माझ्याही येतो. ग्रंथालयातल्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला वाचकाशी एका दिवसाच्या दंडावरून हुज्जत घालावी लागू नये, म्हणून तो शेरा होता.

दुसरी टिप्पणी व्हेरिएबलच्या नावाबद्दल आहे. तिथे ताईंनी सुचवलेली ओळ आयतीच दिली आहे. तिच्याखालचं बटण दाबलंत की बदल कमिट होईल आणि त्या कमिटवर तुम्हा दोघांचं नाव येईल.

पुल रिक्वेस्ट अजून उघडी आहे, ती बंद करून नवीन काढू नका. त्याच ब्रँचवर (कोडच्या त्याच शाखेवर) पुश करा, ती आपोआप अद्ययावत होते. वर्कफ्लोला पुन्हा परवानगी लागेल, तेव्हा ताईंना तिथेच एक टिप्पणी टाका. येत्या शनिवारी त्या दुपारी चारपासून वर्गात आहेत, बैठकीला फी नाही. वर्ग पुढे चालू ठेवायचा असेल तर नव्या बॅचमध्ये ॲक्शन्सपासून बसा, भरलेली फी धरली जाईल. येताना लॅपटॉपवर व्हीएस कोड (कोड लिहायचं ॲप) आणि गिट टाकून आणा.