पिवळे पान म्हणजे भूक नव्हे

सोलापुरातील बागप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा सारांश असा: गुलाब-मोगऱ्याची पाने पिवळी पडली की झाड उपाशी आहे असे समजावे, कुंडीत अंड्याच्या टरफलांचा चुरा घालावा, दर आठवड्याला एक चमचा एप्सम सॉल्ट द्यावे, केळ्याच्या सालींचे पाणी व चहाचा चोथा घालत राहावे, आठ दिवसांत कळ्या लागतात. हा संदेश पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु आपल्याकडच्या मातीत आणि आपल्याकडच्या पाण्यावर त्यातील मूळ गृहीतच टिकत नाही, आणि सुचवलेल्या उपायांपैकी दोन तर झाडाला अपायकारक ठरू शकतात.

प्रथम पिवळेपणाविषयी. पान पिवळे पडले एवढ्यावरून काहीच ठरत नाही. कोणते पान पिवळे पडले आणि कसे पडले, हे पाहावे लागते. नत्र कमी पडले तर झाड जुन्या पानांतील नत्र काढून नव्या शेंड्याला पुरवते, त्यामुळे खालची पाने सरसकट फिकी होतात. मॅग्नेशियमचेही तसेच, फक्त तेथे शिरांच्या मधला भाग आधी पिवळा पडतो. लोह मात्र झाडाला एका पानातून दुसऱ्या पानात सहज हलवता येत नाही. म्हणून लोहाची उणीव शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते: पाते पिवळे आणि त्यावर हिरव्या शिरांची स्पष्ट जाळी. सोलापुरातील गच्च्यांवर जे पिवळे गुलाब मी पाहतो, त्यांतील बहुतेकांची खालची पाने हिरवीगार असतात आणि शेंडे हळदीसारखे. आपल्या ऊस उत्पादकांना हे लक्षण ‘केवडा’ या नावाने चांगले परिचित आहे.

हे झाड उपाशी नसते. जिल्ह्यातील काळी माती बहुतांशी चुनखडीयुक्त आहे आणि तिचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप; ७ च्या वर अल्कधर्मी) अनेक ठिकाणी ८ च्या वर जातो. अशा मातीत लोह भरपूर असते, पण मुळांना घेता येईल अशा स्वरूपात ते राहत नाही. ताट वाढलेले आहे, पण ते कुलपात आहे. त्यात आणखी खत घातल्याने कुलूप उघडत नाही.

आता टरफलांकडे वळू, कारण या संदेशातील सर्वांत चुकीचा सल्ला हाच आहे. अंड्याचे टरफल म्हणजे जवळजवळ संपूर्ण कॅल्शियम कार्बोनेट, अर्थात चुनखडीच. जेथे मुसळधार पावसाने मातीतील चुना धुऊन जातो आणि माती आम्लधर्मी होते, तेथे या सल्ल्याला काही अर्थ आहे. सोलापुरात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. येथे चुना धुऊन जात नाही, साठतो. शिवाय बोअरच्या जड पाण्याने हंड्याच्या तळाशी जो पांढरा थर धरतो, तोच प्रत्येक पाण्याबरोबर कुंडीतही उतरत असतो. कुंडीच्या कडेवरची पांढरी पुटे हा त्याचाच पुरावा आहे. खात्री करायची असेल तर कुंडीतील मातीचा वाळलेला खडा बशीत घेऊन त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत. बुडबुडे फसफसून वर आले तर त्या मातीत चुना आधीच भरपूर आहे.

मी स्वतः हा प्रयोग अजाणतेपणी दोन वर्षे केला आहे. मे महिन्यात गुलाबाची कुंडी रिकामी केली, तेव्हा पहिल्या वर्षी घातलेली टरफले बोटाला टोचतील इतकी शाबूत होती, आतल्या पापुद्र्याचा मागमूसही नव्हता. अल्कधर्मी मातीत ती जवळजवळ विरघळतच नाहीत, आणि विरघळतात तेवढी सामू खाली येऊ देत नाहीत.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. त्यात सुमारे १० टक्के मॅग्नेशियम असते आणि मॅग्नेशियमची उणीव सिद्ध झाली असेल तर ते उत्तम औषध आहे. पण पाणी जड असते ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांमुळेच. म्हणजे बोअरचे पाणी घालणारा ते फुकटात देतच असतो. आठवड्याला पाच ग्रॅमचा चमचा धरला तर वर्षाला एका कुंडीत पाव किलोहून अधिक क्षार जातात. जादा मॅग्नेशियम पालाश (पोटॅश) व कॅल्शियम यांच्या शोषणात अडथळा आणते, आणि क्षार साठले की पानांच्या कडा करपतात. आपण त्या करपलेल्या कडांचा दोष उन्हाला देतो.

केळ्याच्या सालींत पालाश खरोखरच आहे, नत्र मात्र नाममात्र. चहाच्या चोथ्यात नत्र आहे, पण ते कुजल्यावरच सुटते, आणि दूध-साखरेसह टाकलेल्या चोथ्याला मुंग्या व बुरशी लागते. दोन्ही कंपोस्टच्या डब्यात घालावीत, थेट कुंडीत नकोत.

आठ दिवसांत कळ्या येतात, हा दावा निरीक्षणाच्या चुकीतून आला असावा. गुलाबाची छाटणी केल्यावर नवी फूट येऊन फूल उमलायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. आठव्या दिवशी दिसलेली कळी खत घालण्याच्या कितीतरी आधी ठरलेली असते.

मग करावे काय? शेंडे पिवळे असतील तर एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) आणि थोडा लिंबाचा रस मिसळून गाळून घ्यावे व ऊन उतरल्यावर पानांवर फवारावे. आधी एकाच फांदीवर करून पाहावे, आणि फरशीवर डाग पडतात म्हणून कुंडी बाजूला घ्यावी. नुसते हिराकस चुनखडीच्या मातीत टाकले तर ते लवकरच निरुपयोगी होते. मातीतून द्यायचेच असेल तर शेणखतात काही दिवस मुरवून द्यावे. चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेले लोह) विकत घेताना वेष्टनावर ‘ईडीडीएचए’ हे त्या रसायनाचे नाव आहे का ते वाचावे, कारण स्वस्त मिळणारे ‘ईडीटीए’ लोह आपल्या सामूला तग धरत नाही. कुंडीच्या तळाचे छिद्र मोकळे असावे, कारण चिखलात बसलेल्या मुळांनाही लोह घेता येत नाही. पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी पिंपात धरून ठेवता आले तर कुंड्यांना तेच द्यावे. आणि एप्रिल-मेच्या उन्हात, नळाला काही दिवसांआड पाणी येत असताना, कोरड्या कुंडीत कोणतेही खत घालू नये.

फवारणीनंतर जुन्या पिवळ्या पानांकडे पाहत बसू नये, त्यांतील बरीचशी तशीच राहतात. पंधरा दिवसांनी दुसरी फवारणी करून नव्या फुटीचा रंग तपासावा. माझ्या गुलाबाची दुसऱ्या फवारणीनंतरची फूट नेहमीसारखी तांबूस आली आणि आठवडाभरात गडद हिरवी झाली.