‘८० टक्के लोकांना ट्रान्सजेंडर खेळाडू नकोत’ : हा आकडा नेमका कशाचा?

‘ट्रान्सजेंडर खेळाडूंना खेळातूनच काढा, असं ८० टक्के लोक म्हणतात’ हा फिरणारा मजकूर चुकीचा आहे.

जानेवारी २०२५ मधल्या न्यूयॉर्क टाइम्स हे वृत्तपत्र आणि इप्सॉस ही सर्वेक्षण संस्था यांच्या पाहणीत ७९ टक्के हा आकडा आला होता. पाहणी फक्त अमेरिकेतल्या प्रौढांची. प्रश्नही नेमका होता: जन्मतः पुरुष असलेल्या ट्रान्स महिलांना महिलांच्या स्पर्धांत खेळू द्यावं का? ७९ टक्के ‘नको’ म्हणाले. सरसकट खेळबंदीचा प्रश्न विचारलाच नव्हता. ट्रान्स पुरुषांचाही नाही.

प्रश्न बदलला की आकडा हलतो. गॅलप या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेने विचारलं, संघ जन्माच्या लिंगानुसार असावा की सध्याच्या लिंगओळखीनुसार? ‘जन्मानुसार’ म्हणणारे २०२१ मध्ये ६२ टक्के होते, २०२३ मध्ये ६९. प्यू या अमेरिकेतल्याच संशोधन संस्थेने फेब्रुवारी २०२५ मध्ये, खेळाडूंनी जन्माच्या लिंगानुसारच संघात खेळावं असा कायदा हवा का, असं विचारलं. ६६ टक्के अनुकूल होते. त्याच पाहणीत नोकरी-घराच्या बाबतीत ट्रान्स व्यक्तींना भेदभावापासून संरक्षण द्यावं म्हणणारे ५६ टक्के होते, आणि हे फॉरवर्डमध्ये गाळलं जातं, ही खरी खटकणारी गोष्ट आहे.

बहुमत निर्बंधांच्या बाजूने आहे, हे खरंच. ते लपवू नये. पण टक्केवारी पुढे पाठवताना देश, महिना आणि मूळ प्रश्न सोबत पाठवा.