खुलासा: गेमच्या चॅटमधले तारे (***) सरकारने लावलेले नाहीत

लातूर-नांदेडकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'गेमच्या चॅटवर सरकारचा सेन्सॉर बसला, साधं नाव लिहिलं तरी तारे येतात.' सोबत स्क्रीनशॉट, त्यात 'हर्षित'चा शेवट ताऱ्यांत गायब.

तारे खरे, कारण खोटं. हर्षित, रक्षित, सुरक्षित हे शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करून बघा. शेवटच्या चार अक्षरांत इंग्रजी शिवी निघते. गेम कंपनीचा शिव्या झाकणारा फिल्टर तेवढीच पकडतो; हे कुणाच्या लेकराचं नाव आहे, त्याला काय ठाऊक! (आपल्याकडच्या अस्सल शिव्या मात्र बिनबोभाट निसटतात.)

सरकारने केलं ते वेगळंच. आयटी कायद्याच्या कलम ६९अ खाली सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइल आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर, अशी अख्खी ॲपच बंद केली. कारण दिलं ते देशाच्या सुरक्षेचं, चॅटमधल्या शब्दांचं नव्हे. राजकारणापायी शब्द गाळण्याचा प्रकार चिनी गेममधला: 'गेन्शिन इम्पॅक्ट'च्या चॅटमध्ये तैवान, हाँगकाँग लिहिलं की तारे येतात, हे खेळाडूंनी २०२० मध्येच दाखवून दिलं होतं.

नाव अडत असेल तर स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर वाढवा, बहुतेक वेळा काम भागतं.