डिझेलच घ्या म्हणे, आणि जाळी काढून टाका म्हणे!

गेला आठवडाभर जळगावातल्या निम्म्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘शोरूमवाले हे सांगणार नाहीत’ असा मथळा आणि खाली पाच मुद्दे. डिझेल स्वस्त, अ‍ॅव्हरेज जास्त, म्हणून रोजच्या ड्युटीला डिझेल गाडीच परवडते. डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या जाळीची, लाइट लागली तर ती जाळीच काढून टाका. धूर साफ करायला लागणाऱ्या युरियाची टाकी असेल तर शेतातलाच युरिया कालवून भरा. रोज सकाळी गाडी दहा मिनिटं जागेवर चालू ठेवा. आणि विकताना डिझेललाच भाव येतो.

असले मेसेज मी एरवी वाचतही नाही. पण हा माझ्या भाच्याला पटला आणि तो बुकिंगचे पैसे भरायला निघाला. पोरगं राहतं पिंप्राळ्यात, नोकरी एमआयडीसीत, एका बाजूचं अंतर सहा-सात किलोमीटर. वर मलाच ऐकवतो, “मामा, सगळा हिशोब दिलाय त्यात.” हिशोब कुठे दिलाय? निकाल दिलाय. हिशोब आपण करू.

पेट्रोल १०५ रुपये धरा, डिझेल ९१. गावातल्या गर्दीत पेट्रोल गाडी १४ देते, डिझेल १८. म्हणजे किलोमीटरमागे साडेसात विरुद्ध पाच, वाचले अडीच रुपये. रोजचे १३ किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, एकूण ३,९०० किलोमीटर. बचत जेमतेम साडेनऊ-दहा हजार. आता त्याच मॉडेलच्या डिझेल गाडीला दीड लाख जास्त मोजायचे असतील, तर ते वसूल व्हायला पंधरा वर्षं. तेवढ्यात आरसीचीच मुदत संपते! शिवाय महाराष्ट्रात डिझेल गाडीला रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त. बारा लाखांच्या गाडीवर चोवीस हजार तिथेच गेले. मेसेजवाल्याला हे माहीत नसेल, किंवा माहीत असूनही गिळलं असेल.

आता जाळीचं. याच मुद्द्याने माझं डोकं फिरलं.

१ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम आले आणि डिझेल कारच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ बसला. इंजिनातून निघणारी काजळी तो अडवतो. ती साठत जाते, म्हणून ती अधूनमधून जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी आत साधारण ६०० अंशांची उष्णता लागते. गाडी हायवेला एका लयीत चालली तर हे काम चालकाच्या नकळत होऊन जातं. पिंप्राळ्याहून निघालात, आकाशवाणी चौकात थांबलात, इच्छादेवीला थांबलात, अजिंठा चौकात परत थांबलात, की इंजिन नीट तापायच्या आत कंपनीचं गेट येतं. रोज अर्धवट तापवून काजळी जळेल अशी आशा करणं म्हणजे केळीच्या ओल्या खांबाला काडी लावणं.

बरं, हे जळणं अर्धवट राहिलं की नुसती लाइट लागून भागत नाही. काजळी जाळायला बऱ्याच इंजिनांत जादा डिझेल फवारलं जातं. मध्येच गाडी बंद केली की त्यातलं न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. आमच्या कॉलनीतल्या एका गाडीची डिपस्टिक मी स्वतः ओढून पाहिली आहे. ऑइल वरच्या खुणेच्याही वर, बोटावर घेतलं तर पाण्यासारखं पातळ, आणि वास डिझेलचा. मालक खूश, म्हणे आपली गाडी ऑइल खातच नाही!

यावर उपाय काय, तर गॅरेजमध्ये जाऊन जाळी काढा आणि सॉफ्टवेअर मारून लाइट बंद करा. मेसेजमध्ये पुढे लिहिलंय, ‘पीयूसी पण पास होते.’ हे अर्धं खरं आहे, कबूल करतो. पीयूसीला डिझेलच्या धुराची अपारदर्शकता मोजतात. इंजिन नवं असेल तर बारीक कण त्यात सापडत नाहीत आणि कागद मिळून जातो. पण कागद मिळाला म्हणून गुन्हा मिटत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल करू देत नाही, आणि कलम १८२-अ प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एकेका बदलासाठी पाच हजार दंड, किंवा दोन्ही. वॉरंटी जाते ती वेगळीच. आणि ती काजळी जाते कुठे? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकला. सिग्नलला तुमच्या मागे स्कूटीवर पुढ्यात लेकरू उभं करून थांबलेली बाई असते, तिच्या नाकात जाते.

कुणाचंच ऐकायचं नसेल तर गाडीच्या कप्प्यात प्लास्टिकमध्ये पडलेलं मॅन्युअल उघडा. लाइट लागली तर अमुक वेगाने, न थांबता, ती विझेपर्यंत चालवा, असं कंपनीच लिहून देते. म्हणजे आठवड्या-पंधरा दिवसांनी भुसावळ रोडला नशिराबादकडे चक्कर मारा. ते जमणार असेल तर ठीक. पण मग त्या चक्करचं डिझेलही हिशोबात धरा.

युरियाचा मुद्दा लिहिणाऱ्याने खान्देशात राहून लिहिला असेल तर त्याला कोपरापासून नमस्कार. मुळात ही टाकी सगळ्याच डिझेल गाड्यांना नसते. ज्यांना असते त्यांना ३२.५ टक्के शुद्ध युरियाचं द्रावण लागतं. शेतातल्या गोणीवर २०१५ पासून सरसकट निमतेलाचं कोटिंग आहे. ते तेल आणि गोणीतली बाकीची घाण इंजेक्टर आणि धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिस्टमध्ये गेली की बिल हजारांत नाही, लाखांत येऊ शकतं. वर तो युरिया सबसिडीचा. शेतीबाहेर वळवणं जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हा आहे. इकडे ऐन हंगामात शेतकरी गोणीसाठी रांगेत उभा, आणि हे कारमध्ये ओतायला सांगतात! बाजारातलं तयार द्रावण एकदा भरलं की कित्येक हजार किलोमीटर बघावं लागत नाही. वाचवायचे तरी किती?

जागेवर दहा मिनिटं गाडी चालू ठेवायचं खूळ जुन्या इंजिनांचं. भुसावळच्या उन्हाळ्यात तर गाडी रात्रभर उभी राहूनही गार होत नाही, तिला तापवायचं कशाला? उभ्या गाडीने काजळी वाढते आणि डीपीएफ लवकर भरतो. चालू करा, अर्धा मिनिट थांबा, हळू निघा.

रिसेलचं म्हणाल तर आपल्याकडे डिझेलला गिऱ्हाईक आहे, नाही म्हणत नाही. पण ते गिऱ्हाईक हायवेवर पळवणाऱ्याचं. लाइट लागलेली, गावातच फिरलेली गाडी दाखवा, मग भाव ऐका.

डिझेल वाईट आहे असं मी म्हणतच नाही. जळगावहून रोज भुसावळ करणाऱ्याचे वर्षाला १५,००० किलोमीटर होतात. हायवेला किलोमीटरमागे दोन रुपये वाचले तरी पाच वर्षांत दीड लाख निघतात आणि जाळीही साफ राहते. चाळीसगावहून भरल्या गाडीने कन्नडचा घाट नेहमी चढणाऱ्यानेही डिझेलच घ्यावी, तो ओढा पेट्रोलला नाही. भाच्याला पेट्रोल घे म्हटलंय, नाहीतर सीएनजी. बुकिंगचे पैसे भरायचे थांबलाय, पण तो मेसेज त्याने अजून डिलीट केलेला नाही.